अ‍ॅव्होकॅडोच्या हास जातीची कलमं म्हणून बियांची रोपं विकली, माझे ४,४२,५०० रुपये गेले

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे "किती गेले?" हे कुणाला विचारायला नको. रोपांचे २,५५,००० (३०० रोपं, ८५० रुपये नग). गाडीभाडं १८,५००. 'बायबॅक करार नोंदणी' (माल आम्हीच विकत घेऊ, असा करार) ११,०००. गादीवाफे आणि ठिबक १,१२,०००. बांबू, शेडनेट, शेणखत ४६,०००. बेरीज ४,४२,५००. यात चार वर्षांची मजुरी धरलेली नाही, आणि त्या दोन एकरांत सीताफळ ठेवलं असतं तर काय आलं असतं तेही नाही. ते धरायला घेतलं की घरात भांडण होतं.

बाकी गोष्ट तुम्हाला पाठ असेल. कृषी प्रदर्शनातला स्टॉल, मोबाईलवर इस्रायलचा व्हिडिओ, एकरी उत्पन्नाचा रंगीत तक्ता, "तिसऱ्या वर्षी माल चालू, बांधावरून आम्हीच उचलणार", आणि मग रोज सकाळी फोनवर "दादा, काय ठरलं?" इमू, कोरफड, कडकनाथ, सगळ्यांत हेच झालं. त्या वेळी ज्यांचे पैसे गेले त्यांना मीही हसलो होतो. पण मी त्यांच्यासारखा नाही, हे इथे ठासून सांगतो. आमचा अंजीर-सीताफळाचा पट्टा आहे. डाळिंबाच्या गुट्या मी स्वतःच्या हाताने बांधल्यात, आंब्याची कोय कलमं केलीत. शहरातून येऊन फार्महाऊसवर झाडं लावणारा मी नव्हे.

आणि खरं सांगायचं तर स्टॉलवरच्या त्या माणसाला विषय येत होता. अ‍ॅव्होकॅडोचं फूल दोनदा उघडतं, पहिल्यांदा मादी म्हणून आणि दुसऱ्यांदा नर म्हणून. 'अ' प्रकारात मादी सकाळी आणि नर दुसऱ्या दिवशी दुपारी, 'ब' प्रकारात उलट. हास 'अ' मध्ये येतो, म्हणून सोबत 'ब' मधला फुएर्ते लावा, हे सगळं त्याने मला कागदावर घड्याळ काढून समजावलं. हे खोटं नाही. नंतर मी तपासलं, शब्दन् शब्द बरोबर निघालं. पाण्याचा निचरा नसेल तर मूळकूज लागते, चुनखडीची जमीन चालत नाही, हेही त्याने आपणहून सांगितलं. माल विकायला आलेला माणूस तोटे सांगतोय म्हटल्यावर विश्वास बसणारच. ३०० पैकी ३० झाडं 'फुएर्ते' म्हणून दिली, त्यांना पिवळी फीत बांधून. खोटं तो एकाच जागी बोलला, आणि ती जागा रोपाच्या खोडावर, एक वीत लांबीची होती.

त्या वितीबद्दल सांगतो.

नर्सरी परराज्यात. मी आणि धाकटा भाऊ बघायला गेलो होतो. न बघता पैसे दिले असं कुणी म्हणू नये म्हणून हे लिहितोय. शेडमध्ये काळ्या पिशव्यांच्या रांगा, एका कोपऱ्यात गर काढलेल्या बियांचा ढीग, आणि एक मावशी पाटावर बसून रोपांना पट्टी गुंडाळत होती. डाव्या हाताशी अर्धं ब्लेड, उजवीकडे कलमपट्टीचं रीळ. रोप पुढे ओढायचं, खोडावर ब्लेड टेकवायचं, पट्टीचे चार वेढे, गाठ, पुढचं रोप. हात इतका भराभर चालत होता की बघत राहावं.

तिच्याजवळ कलमकाड्या नव्हत्या.

कलम म्हणजे बियांच्या रोपावर, खुंटावर, हव्या त्या जातीची काडी पाचर करून बसवणं. आणि कलम बांधणाऱ्या बाईजवळ काड्या नाहीत! ओल्या गोणपाटात गुंडाळलेली एक जुडी तरी दिसायला हवी. आंब्याचं कलम करणाऱ्या कुणाच्याही पायाशी बघा, आधी काड्या दिसतात आणि मग माणूस. मला दिसलं, मी विचारलंसुद्धा. भाऊ साक्षीला आहे. "काड्या कुठायत?" तर तेच स्टॉलवाले साहेब म्हणाले, "दादा, हासच्या काड्या महाग, कोल्ड स्टोरेजला असतात. ही कालची कलमं, आज फक्त पट्टी बदलतोय." आणि चहा आला. पट्टी बदलायला ब्लेड लागतं, जुनी कापायला. उत्तर बसत होतं. आजही रात्री झोपताना तेच आठवतं की मी तिथे एक पट्टी सोडायला सांगितली असती तर दहा सेकंदांत सगळं उघडं पडलं असतं. पण पाहुणा म्हणून बसलेल्या माणसाने दुसऱ्याच्या नर्सरीत पट्ट्या सोडायच्या का? तुम्ही सोडल्या असत्या? आता सोडा. हात धरला तर चहाचे पैसे देऊन उठा.

दुसरी खूण गाडी उतरवताना होती. तीनशेच्या तीनशे रोपांवर पट्टी एकाच उंचीवर. खरी कलमं अशी नसतात. खुंटाची जाडी जिथे जुळते तिथे पाचर बसते, कुठे चार बोटं, कुठे आठ. शिवाय रोपं "आठ महिन्यांची" म्हणून दिली होती. आठ महिन्यांच्या कलमावर पट्टी ठेवत नाहीत, खोडात रुतते. पण बाहेर पाऊस, आठ मजूर, गाडीवाला घाईला आलेला. जुलै २०२१.

बियांचं रोप आणि कलम यात एवढा काय फरक, असं कृषी खात्यातल्या एका पदवीधर माणसाने मला तोंडावर विचारलं, म्हणून लिहावं लागतंय. अ‍ॅव्होकॅडोची बी आईसारखं झाड देत नाही. हासच्या बीतून हास येत नाही, काहीही येतं. आपल्याकडे गावठी सीताफळाचं हेच व्हायचं, एका झाडाला साखर आणि शेजारच्याला नुसत्या बिया. वर बियांच्या झाडाला फळ धरायला पाच ते दहा वर्षं, कधी त्याहून जास्त, आणि कलमाला तीन-चार. म्हणून तर जगभर बागायतदार बियांपासून फक्त खुंट तयार करतात आणि वर हवी ती जात बांधतात.

हास स्वतःच बीतून आलं हे खरं आहे. कॅलिफोर्नियात ला हाब्रा हाइट्सला रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनने १९२६ च्या सुमारास बिया लावल्या, त्यातल्या एका रोपावर फुएर्ते बांधायचा प्रयत्न फसला, ते तसंच वाढू दिलं, आणि त्याचं फळ इतकं उतरलं की १९३५ मध्ये त्याने पेटंट घेतलं. जगातलं प्रत्येक हासचं झाड त्या एका झाडाच्या काडीतून आलंय. ते मूळ झाड २००२ मध्ये मूळकुजीने गेलं. ही कथा मला कुणी सांगितली माहितीये? त्याच साहेबांनी. मी फोनवर ओरडलो तेव्हा, समजूत घालायला. "दादा, तुमच्या बागेतसुद्धा एखादं नवीन हास निघेल." फोन फेकून दिला मी. स्क्रीन गेली, २,३०० रुपये. ते वरच्या बेरजेत नाहीत.

पहिल्या दोन पावसाळ्यांत ऐंशीच्या वर झाडं मेली. तेव्हा "पाणी जास्त झालं तुमचं." तिसऱ्या वर्षी मोहोर नाही. तेव्हा "झाड अजून अंगात यायचंय." चौथ्या वर्षी मोजक्या झाडांना फळ धरलं आणि सोंग उघडं पडलं. एकाला लांब मानेचं हिरवं फळ, एकाला गुळगुळीत गोल, एकात बी एवढी मोठी की गर नखाएवढा. हासचं फळ खडबडीत असतं, पिकलं की काळं पडतं. तसं एकही नाही. मग पानं बघायला लागलो. एकाच जातीची कलमं म्हणजे सगळी झाडं सारखी हवीत. माझ्याकडे कुणाचं पान रुंद, कुणाचं भाल्यासारखं. काही झाडांचं पान चुरगाळलं की बडीशेपेचा वास येतो, बाकीच्यांचं नाही. हा वास मेक्सिकन वंशाच्या झाडांचा.

शेवटी ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक आले. त्यांनी एका झाडाची पट्टी चाकूने सोडवली; ती साल गिळून आत गेली होती. खाली एक बारीक आडवी रेघ, केसाएवढी. साल वर तीच, खाली तीच, रंग तोच. त्यांनी तिथेच खोड उभं चिरलं. आत लाकूड सलग, जोडाची पाचर नाही, डाग नाही. ब्लेड सालीच्या आत गेलंच नव्हतं.

आता सरकार.

तालुक्याच्या कृषी कार्यालयात अर्ज घेतला नाही, आधी "नर्सरी कुठली?" विचारलं. परराज्यातली म्हटल्यावर खुर्ची मागे गेली. फळरोपवाटिकांचा परवाना १९६९ च्या कायद्याने लागतो, पण तो म्हणे आपल्या राज्यातल्या नर्सरीला. अहो, त्या कायद्याच्या नावातच फळझाडांची विक्री आहे, आणि स्टॉल आपल्या राज्यात होता, त्याच प्रदर्शनात तुमच्या खात्याचाही मंडप होता! तर म्हणाले, स्टॉल आम्ही देत नाही, आयोजक देतात. आयोजक म्हणाले, आम्ही फक्त जागा देतो. जिल्ह्याला गेलो तर तिथल्या साहेबांनी जातीची खात्री करणारा डीएनए अहवाल आणायला सांगितलं. कुठून आणू? "ते तुम्ही बघा." पंचनामा तरी करा म्हटलं. पंचनामा नैसर्गिक आपत्तीचा होतो. म्हणजे गारपिटीने बाग गेली असती तर बरं झालं असतं. अर्जाची पोच मागितली तर शिक्का सापडेना. हातात पोच आल्याशिवाय कुठल्याही कार्यालयातून उठू नका. नाही दिली तर स्पीड पोस्टाने पाठवा, ती पावती कुणाला नाकारता येत नाही.

पोलिसांत गेलो. हवालदार म्हणाले, "काका, पैसे तुम्ही पाठवले, रोपं तुम्हाला मिळाली, मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला आहे." वरच्या साहेबांना भेटलो, तेही दिवाणी. एकाने तर विचारलं, झाडं जिवंत आहेत ना, मग? पितळ सोन्याच्या भावाने विकलं तर तेही जिवंतच असतं, असं म्हणायचं होतं, पण ठाण्यात काय बोलणार. घटना २०२१ ची, तेव्हा भारतीय दंड संहिता ४२०. आताची नवी संहिता जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना. हे मला वकिलाकडून कळलं. ठाण्यात दोन टेबलं आपसात वाद घालत होती की कुठल्या कायद्यात बसवायचं, आणि शेवटी कुठल्याच नाही.

ग्राहक आयोगाकडे जायचं म्हटलं तर एका कारकुनाने हळूच सांगितलं, शेतकरी ग्राहक नसतो. साफ खोटं. बियाण्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच शेतकरी ग्राहक आहे असं सांगून ठेवलंय. २०१९ च्या कायद्याने तक्रार आपल्या जिल्ह्यात करता येते, विकणारा कुठलाही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पण मुदत दोन वर्षांची, आणि चोरांनी हेच हेरलंय. झाड चौथ्या वर्षी खोटं ठरतं, मुदत दुसऱ्या वर्षी संपते. उशिराचं कारण देऊन माफीचा अर्ज करावा लागतो, तो आम्ही केलाय. रोपांचं खरं-खोटं पहिल्या सहा महिन्यांत तपासा, फळाची वाट बघत बसू नका.

आणि बिल! माझ्या बिलावर काय आहे बघा: "फळझाडांची रोपे, ३०० नग." ना हास, ना कलम. जातीचं नाव, कलमाचा प्रकार आणि परवाना क्रमांक बिलावर छापून घेतल्याशिवाय एक रुपया सोडू नका. मी ५०,००० आगाऊ आणि २,०५,००० आरटीजीएसने दिले, म्हणून निदान पैसे गेल्याचा पुरावा आहे. ११,००० रोख दिले, ते धुळीला मिळाले. व्हॉट्सअ‍ॅपवर "हास कलम" लिहिलेले मेसेज त्यांनी नंतर सगळ्यांसाठी डिलीट केले. भावाने आधी स्क्रीनशॉट काढले होते म्हणून वाचलो. ते कोर्टात द्यायला प्रमाणपत्र जोडावं लागतं, पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५-बी चं, आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं.

ऑनलाइन "हास बी" विकणारे वेगळेच. पुतण्याने १० बियांचं पाकीट ३९९ रुपयांना मागवलं, वाळून खुळखुळ वाजत होतं. अ‍ॅव्होकॅडोची बी वाळली की मेली. फळातून काढली की टोक वर करून ओल्या मातीत गेली पाहिजे. हौस असेल तर बाजारातलं फळ आणा, खा, बी कुंडीत लावा. चाळीसेक दिवसांत कोंब येतो, पानं देखणी असतात. फळाचं स्वप्न बघू नका, आणि त्या रोपाचे ८५० रुपये कुणाला देऊ नका.

खरंच लावायचं असेल तर आपल्या हवेसाठी निवडलेल्या जाती आहेत. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या कोडगूतल्या चेट्टळ्ळी केंद्राची अर्का सुप्रीम, तमिळनाडू कृषी विद्यापीठाची टीकेडी-१. सरकारी ठिकाणी नंबर लावावा लागतो, थांबावं लागतं. थांबा.

माझी जी झाडं उरलीत त्यातली सरळ वाढलेली कंबरेएवढी छाटून खऱ्या काड्या बांधायला सुरुवात केलीय. खोड तयार आहे, ते तरी कामाला येईल. बाकीची या उन्हाळ्यात काढणार. पुराव्यासाठी चिरलेल्या खोडाच्या दोन चकत्या वकिलाकडे सही-तारखेसह ठेवल्यात.

याच पद्धतीने आणखी काही जण अडकल्याचं कळलंय, तीच एकाच उंचीची पट्टी, तेच "फळझाडांची रोपे" असं बिल. एकसारखी तक्रार असलेल्यांना ग्राहक कायद्याच्या कलम ३५ खाली आयोगाच्या परवानगीने एकत्र दावा करता येतो. त्यामुळे ज्यांच्याकडे असं बिल आहे त्यांनी रागाने ते फाडू नका, आणि बाग काढून टाकायच्या आधी एका तरी झाडाचं खोड साक्षीदारांसमोर उभं चिरून, फोटो काढून ठेवा.