खोलीसाठी हीटर किती वॅटचा: क्षेत्रफळाचा ठोकताळा की उष्णतेचा हिशेब?

नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास किंवा त्याहून खाली उतरतो, आणि घरात तान्हे बाळ किंवा वयस्कर माणूस असेल तर तेलाचा रेडिएटर (आत तेल भरलेला विजेचा हीटर) घेण्याचा विचार सुरू होतो. तो किती वॅटचा हवा, हे दोन पद्धतींनी ठरवता येते. दर चौरस फुटाला 10 वॅट धरणे ही सोपी पद्धत. खोलीतून बाहेर जाणारी उष्णता मोजून तेवढीच आत पुरवणे ही दुसरी.

ठोकताळ्यानुसार 10 बाय 12 फुटांच्या खोलीला 1200 वॅट लागतात, मग ती खोली मधल्या मजल्यावर असो वा गच्चीखाली. माझ्या मते हाच त्याचा मोठा दोष आहे.

हिशेबात प्रत्येक बाह्य पृष्ठभागाचे चौरस मीटर, त्याचा उष्णतावहनाचा आकडा आणि आतील-बाहेरील तापमानातील फरक यांचा गुणाकार करावा लागतो. गिलावा केलेल्या 9 इंची विटांच्या भिंतीसाठी हा आकडा (दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे जाणारे वॅट) सुमारे 2, एकेरी काचेसाठी 5.7 आणि उघड्या काँक्रीट स्लॅबसाठी 3 ते 3.5 धरतात. बाहेर 10 आणि आत 20 अंश असतील, तर एकच बाह्य भिंत व 4 बाय 4 फुटांची खिडकी असलेल्या मधल्या मजल्यावरील खोलीतून, फटींतून येणारी थंड हवा धरूनही, साधारण 400 वॅट जातात. तीच खोली गच्चीखाली आणि कोपऱ्यातली असेल, तर दुसऱ्या भिंतीचे सुमारे 190 आणि स्लॅबचे सुमारे 350 वॅट वाढून बेरीज 940 च्या घरात पोहोचते. निफाडकडे, जिथे पारा आणखी घसरतो, बाहेर 5 अंश धरले तर हीच बेरीज दीडपट होते. युरोपातील तयार तक्ते मात्र बाहेर शून्याखालील तापमान गृहीत धरतात, म्हणून ते इथे जसेच्या तसे वापरू नयेत.

थंड झालेल्या विटांच्या भिंती सुरुवातीला बरीच उष्णता शोषून घेतात. त्यामुळे हीटर फक्त रात्रीपुरता लावणार असाल, तर निघालेल्या आकड्यावर निम्मी भर घालावी: मधल्या मजल्याला सुमारे 600, गच्चीखाली सुमारे 1400 वॅट. अर्थात पहिल्या घरी 1000 वॅटची पायरी (हीटरच्या बटणावरची कमी-जास्त वॅटची सोय) पुरते; दुसऱ्या घरी 1500 ची पायरी असलेले यंत्र घ्यावे. पात्यांची संख्या पाहून भुलू नये, कारण 9 पात्यांचा आणि 13 पात्यांचा रेडिएटर तेवढीच वीज घेत असतील तर उष्णताही तेवढीच देतात. जास्त पात्यांचा पृष्ठभाग फक्त कमी तापतो.

थर्मोस्टॅट नीट चालत असेल तर मोठ्या यंत्राने वीजबिल फारसे वाढत नाही, परंतु 2000 वॅटच्या पायरीवर 230 व्होल्टला जवळपास 9 अँपिअर प्रवाह लागतो. तो 6 अँपिअरच्या साध्या सॉकेटला झेपत नाही, म्हणून 16 अँपिअरचे सॉकेट व त्याला साजेशी तार खोलीत आहे का, हे खरेदीपूर्वीच वायरमनकडून तपासून घ्यावे.