पलटणीचा ताबा घेताना: आधी बदल की आधी पाहणी?

पलटणीच्या नव्या प्रमुखापुढे, म्हणजे कमांडिंग ऑफिसरपुढे, दोन वाटा असतात. आल्या आल्या घडी बदलायची, किंवा महिना-दीड महिना बघायचं, ऐकायचं आणि मग हात घालायचा. दोन्हींचे दाखले दिले जातात, पण बहुधा अर्धेच.

झटपट बदलाचा दाखला दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीचा. १३ ऑगस्ट १९४२ ला, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच, त्याने इजिप्तमध्ये आठव्या सैन्याची सूत्रं घेतली आणि त्याच संध्याकाळी माघारीच्या योजना मोडीत काढल्या. जर्मन सेनापती रोमेलचा हल्ला ३० ऑगस्टच्या रात्री आला. पाहणीला वेळ होताच कुठे? मात्र हाच माणूस पुढे चर्चिलच्या घाईला बधला नाही. प्रशिक्षण पुरं होईपर्यंत, म्हणजे २३ ऑक्टोबरपर्यंत, त्याने चढाई केली नाही. हा भाग सांगायचा राहून जातो.

दुसऱ्या वाटेवर त्याच युद्धातला ब्रिटिश सेनापती विल्यम स्लिम. १९४३ च्या अखेरीस चौदावं सैन्य हाती आलं तेव्हा ते बर्मा आघाडीवर हरून हरून खचलेलं होतं. मणिपुरात सांगशाकला लढलेली मराठ्यांची चौथी पलटणही याच सैन्यातली. स्लिम पलटणीपलटणींत फिरला, जवानांशी उर्दूत, गुरखालीत बोलला. पण मवाळ म्हणावा तर तसंही नाही. त्या वर्षी एका जखमीमागे १२० आजारी मागे न्यावे लागत होते. हिवतापावरची मेपाक्रिनची गोळी जवान खरंच घेतात का, याची त्याने अचानक तपासणी लावली. ९५ टक्क्यांहून कमी जण निघाले की कमांडिंग ऑफिसर घरी. तिघांना काढावं लागलं, बाकीचे आपोआप समजले.

शांततेच्या ठाण्यावर माझं मत पाहणीच्या बाजूने आहे. तिथले पहिल्या आठवड्यातले बदल बहुतेक हौसेचे असतात: क्वार्टर गार्डला, म्हणजे पलटणीच्या पहारा चौकीला, नवा रंग, परेडची नवी वेळ. जवान ते निमूट करतात आणि मनात नोंद ठेवतात. कोतमधल्या, म्हणजे शस्त्रागारातल्या, हत्यारांचा हिशेब, दारूगोळा, गाड्या आणि आजारी जवान यांच्या बाबतीत मात्र थांबायला मुभा नाही. तिथे पहिल्या दिवसापासून स्लिमची तपासणी हवी.

पलटण थोड्याच दिवसांत सीमेवर जाणार असेल तर माझा कौल उलटा. आणि दुसऱ्या पलटणीतून आला असाल, तर सुभेदार मेजर साहेबांना, म्हणजे जवानांतून वर आलेल्या सगळ्यांत ज्येष्ठ माणसाला, निवांत बसवून विचारा, की आधीच्या साहेबांची कोणती गोष्ट मोडू नये असं जवानांना वाटतं. ‘आमच्या जुन्या पलटणीत असं होतं’ हे वाक्य तेवढं तोंडात येऊ देऊ नका.