काँटेसा ३२ की ओशिॲनिस ३०.१?

१९७१ ची काँटेसा ३२ आणि २०१९ मध्ये बाजारात आलेली ओशिॲनिस ३०.१ या लांबीला जवळपास सारख्या, पण स्वभावाने अगदी वेगळ्या शिडाच्या बोटी. १९७९ च्या फास्टनेट या खुल्या समुद्रातल्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीच्या वादळात सर्वांत लहान बोटींच्या गटातून शर्यत पूर्ण करणारी एकमेव बोट काँटेसाच होती. तिचा बांधा अरुंद, तोल राखणारं शिसं तळाच्या फायबरमध्येच बंदिस्त आणि सुकाण्याला पुढून आधार. मात्र लाटांचं पाणी अंगावर येतं, आत जागाही बेताचीच.

जुनी घेताना डेक प्लास्टिकच्या हातोडीने इंच-इंच ठोकून बघा. कठड्याच्या खांबांच्या बुडाशी 'टक्'ऐवजी 'भद्द' आवाज आला, की आतलं बाल्सा लाकूड भिजलंय समजा. स्क्रूभोवतीचं सील गेलं, की पाणी तिथूनच मुरतं.

ओशिॲनिसचा मागचा भाग रुंद, त्यामुळे कॉकपिट (बोट चालवणाऱ्यांची उघडी बसायची जागा) आणि केबिन ऐसपैस. सुकाणू दोन, म्हणून बोट कलली तरी एक पाण्यात राहतं. पण इंजिनाच्या पंख्याने ढकललेल्या पाण्याचा झोत त्यांच्यावर येत नाही. धक्क्याला लावताना वेग येईपर्यंत बोट वळतच नाही. तळ आपटला असेल, तर कीलचे (बोटीच्या तळाखालच्या वजनदार पात्याचे) बोल्ट आणि सांधा तपासल्याशिवाय व्यवहार नको.

सुट्टीत किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायला नवी. फ्रान्स-स्पेनलगतचा बिस्केचा उपसागर ओलांडायला मात्र काँटेसाच.