विक्रीला आलेली १९६१ची जॅग्वार ई-टाइप

लांबलचक बॉनेटचे फोटो सगळेच काढतात. मी आधी गुडघ्यावर बसून दारांखालच्या पट्ट्या ठोकून पाहिल्या, कारण ही गाडी हमखास गंजते ती तिथे. आवाज खणखणीत. पुट्टी नाही, नवं वेल्डिंग नाही.

ही अगदी सुरुवातीच्या गाड्यांपैकी आहे. बॉनेटची कुलपं बाहेरून उघडतात आणि पायाखालचा पत्रा सपाट आहे. पुढे १९६२मध्ये पायांसाठी खोलगट जागा केली गेली, ते बरंच झालं. इथे उंच माणसाची चांगलीच कुचंबणा होते. संग्राहकांना मात्र नेमकी हीच कुचंबणा हवी असते!

३.८ लिटरचं सहा सिलिंडरांचं इंजिन बटण दाबताच सुरू झालं, तिन्ही एसयू कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारे भाग) एका सुरात. गिअरबॉक्सला घाई खपत नाही. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर टाकताना चक्रांचे वेग जुळवणारी यंत्रणा, नाही, त्यामुळे गाडी थांबण्याआधी तो टाकलात की करकर ठरलेली.

मागचे डिस्क ब्रेक चाकांत नसून गाडीच्या मधोमध डिफरन्शियलला (इंजिनची ताकद मागच्या दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरच्या डब्याला) लागून आहेत, म्हणून त्यांचं काम किचकट आणि मेकॅनिक ते टाळतात. विक्रेत्याकडे त्या कामाची पावती नव्हती. "सगळं ओके आहे," म्हणाला. असेलही.

इंजिन आणि चासीचे नंबर कंपनीच्या जुन्या नोंदींच्या दाखल्याशी जुळतात. सीटचं चामडं मूळचं, भेगाळलेलं. ते कृपया बदलू नका. आणि ब्रेक उघडून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका.