सहाव्या महिन्यातली ग्लुकोजची चाचणी: नाशिकमध्ये कुठे द्यावी, कुठे नको

गरोदरपणाच्या 24 ते 28 आठवड्यांत डॉक्टर साखरेची एक चाचणी लिहून देतात. चिठ्ठीवर ‘डिप्सी’ (ग्लुकोज पिऊन एकदाच रक्त), ‘ओजीटीटी’ (ग्लुकोजच्या आधी आणि नंतर मिळून तीनदा रक्त) किंवा नुसतंच ‘75 ग्रॅम ग्लुकोज’ असतं. नाशिकमध्ये ती करून घ्यायचे मार्ग चार: घरी येऊन रक्त नेणारी सेवा, कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या मोठ्या पॅथॉलॉजी लॅब, प्रसूतिगृहातली छोटी लॅब आणि सरकारी रुग्णालय. रक्त तपासायचं मशीन बहुतेक ठिकाणी चांगलंच असतं. घोळ होतो तो मशीनपर्यंत पोचण्याआधी, म्हणून लॅब निवडताना तेवढंच बघायचं.

चाचणी याच आठवड्यांत का, तर वारेतून सुटणारी संप्रेरकं आता जोर धरतात आणि इन्सुलिनचा परिणाम कमी करू लागतात. पहिल्या तपासणीत साखर नॉर्मल आली होती म्हणून ही टाळता येत नाही.

डिप्सीला उपाशीपोटी जायची गरज नाही. 75 ग्रॅम ग्लुकोज साधारण 300 मिली पाण्यात विरघळवून 5 ते 10 मिनिटांत संपवायचं आणि पहिल्या घोटापासून दोन तासांनी एकदाच रक्त द्यायचं. आकडा 140 किंवा वर आला तर गरोदरपणातला मधुमेह. ओजीटीटी मात्र 8 ते 14 तासांच्या उपाशीपोटी होते आणि तीन वेळा सुई टोचली जाते. तिच्या मर्यादा उपाशीपोटी 92, एका तासाने 180, दोन तासांनी 153, आणि तिन्हींपैकी एक गाठली किंवा ओलांडली तरी निदान होतं. चिठ्ठीवर नेमकी कोणती लिहिली आहे हे काउंटरवर पैसे भरण्याआधी वाचून घ्या. सगळ्यात जास्त दिसणारी चूक इथलीच: चिठ्ठी ग्लुकोजची असते आणि काउंटरवरचा मुलगा सांगतो, ‘ताई, जेवून या, दोन तासांनी रक्त घेऊ.’ ती झाली जेवणानंतरची साखर. पोळी-भाजीवर आलेला आकडा 140 च्या मापाने मोजता येत नाही. तसंच ‘त्यापेक्षा एचबीए1सी (सरासरी साखरेची चाचणी) करा, तीन महिन्यांचं कळेल’ हा सल्लाही इथे कामाचा नाही. गरोदरपणात लाल पेशींची उलाढाल बदलते, त्यात रक्त कमी असलं तर तो आकडा आणखी फसवतो.

घरी येणारी सेवा सोयीची वाटते, आणि हिमोग्लोबिन-थायरॉइडसाठी आहेही. या चाचणीसाठी आमची शिफारस नाही. मुलगा एकदा ग्लुकोजचं पाकीट देऊन जातो आणि दोन तासांनी परत येतो म्हणतो. मग द्वारका चौकात अडकला की दोन तासांचे अडीच होतात, तोवर साखर उतरलेली असते आणि रिपोर्ट खोटा नॉर्मल येतो. शिवाय नळी करड्या झाकणाची, म्हणजे फ्लोराइडची हवी. साध्या नळीत पेशी साखर खात राहतात आणि तासाला 5 ते 7 टक्के आकडा घसरतो. फ्लोराइडचाही पूर्ण परिणाम व्हायला वेळ लागतो, त्यामुळे एप्रिलच्या उन्हात बर्फाशिवाय गाडीवरून फिरलेला नमुना भरवशाचा नाही. घरीच करायची असेल तर तो माणूस दोन तास थांबणार का, एवढं विचारा. उत्तर बहुधा नाही असंच असतं.

मोठ्या लॅबची जमेची बाजू म्हणजे रिपोर्ट संध्याकाळपर्यंत मोबाइलवर. उणीव बसायची. सकाळी 8 ते 10 मध्ये उपाशीपोटी येणाऱ्यांची गर्दी, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि स्वच्छतागृह एकच. सहाव्या महिन्यात दोन तासांत तीन वेळा लघवीला जावं लागतं, हे काउंटरवर कोणाच्या गावी नसतं. डिप्सी असेल तर 11 नंतर जा. बसण्यापुरतं बघायचं तर प्रसूतिगृहातली लॅब उजवी. चक्कर आली तर आडवं व्हायला कॉट मिळते. डाव्या कुशीवर झोपा, उताणं नको: गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून आणखी गरगरतं.

पाकीट मेडिकलमधून आणायला सांगितलं तर 75 ग्रॅमचंच मागा. 100 ग्रॅमच्या डब्यातून चमच्याने अंदाज नको, आणि चवीची, जीवनसत्त्वं घातलेली पावडर तर नकोच. मोनोहायड्रेट, म्हणजे पाण्याचा अंश असलेलं ग्लुकोज असेल तर वजन 82.5 ग्रॅम लागतं, हे चांगल्या लॅबला माहीत असतं. पाणी गार असलं की मळमळ कमी होते. घटाघट प्यायलं की उलटी ठरलेली. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्यानंतर झाली तर सरकारी सूचनांनुसार पुढे चालू. हे आधी न सांगणाऱ्या आणि उलटीनंतर पुन्हा पूर्ण पैसे मागणाऱ्या लॅबमध्ये जाऊ नये. त्या दोन तासांत पाणी चालतं. चहा, बिस्किट, समोरच्या टपरीवरची मिसळ नाही. जिना चढ-उतारही नाही.

काल द्राक्षं खाल्ली म्हणून आकडा वाढला, असं पिंपळगावच्या हंगामात हमखास ऐकू येतं. तसं होत नाही. उलट ओजीटीटीच्या आधी तीन दिवस मुद्दाम भात-पोळी सोडली तर निकाल बिघडू शकतो.

सरकारी रुग्णालयात पैसे लागत नाहीत. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या बायकांची मोफत तपासणी होते. नाशिकमध्ये त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, महापालिकेची झाकीर हुसेन आणि नाशिकरोडचं बिटको ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. माता-बाल संरक्षण कार्ड न्या, आणि ग्लुकोजची चाचणी त्याच दिवशी होणार का हे आदल्या दिवशी विचारा. गर्दीचा दिवस आहे, सोबत कोणीतरी हवंच.

कुठेही गेलात तरी एकाच सुईत हिमोग्लोबिन करून घ्या, आणि रक्तगट निगेटिव्ह असेल तर इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्टही (बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध आईच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झालीत का ते बघणारी). तिचा रिपोर्ट 28 व्या आठवड्यातल्या, ही प्रतिपिंडं होऊ नयेत म्हणून देतात त्या अँटी-डी इंजेक्शनच्या आधी लागतो.

आकडा 140 च्या वर आला तर घाबरून डोहाळेजेवण रद्द करायचं कारण नाही. आधी दोन आठवडे आहार सांभाळायचा, मग जेवणानंतर दोन तासांची साखर बघायची. ती 120 च्या खाली राहिली तर औषध लागत नाही. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी 75 ग्रॅमची चाचणी पुन्हा करायची असते, आणि लॅबमधून त्यासाठी फोन येईल या भरवशावर राहू नका.