रॉ फोटोतला नॉइज काढायला काय घ्यावं: लाइटरूम, डीएक्सओ की डार्कटेबल?

आयएसओ 6400 वर, म्हणजे कमी उजेडात कॅमेऱ्याची संवेदनशीलता बरीच वाढवून काढलेला फोटो मोठ्या स्क्रीनवर उघडला की सावलीतले दाणे आणि रंगीत ठिपके, म्हणजेच नॉइज बघून जीव खट्टू होतो, आणि मग लगेच काहीतरी विकत घ्यायचं डोक्यात येतं. फोटो एडिटिंगची ही तिन्ही सॉफ्टवेअर मी बरीच वापरलीत. लाइटरूम आधीपासून असेल तर अजून पैसे घालवू नका, आधी त्यातलाच एआयवाला डिनॉइज नीट वापरून बघा.

हा डिनॉइज एप्रिल 2023 मध्ये आला. त्याआधीचे साधे स्लायडर ओढले की चेहरा मेणाचा व्हायचा, हा मात्र रॉ डेटावरच, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या माहितीवरच काम करतो त्यामुळे केसबिस शाबूत राहतात. स्लायडर आपोआप 50 वर असतो, मी 30-35 वर आणतो, थोडे दाणे राहिले तर फोटो खरा वाटतो. आधी प्रत्येक फोटोची वेगळी भलीमोठी डीएनजी फाइल (रॉ फाइलचाच एक प्रकार) बनायची आणि डिस्क भरून जायची, 2025 पासूनच्या व्हर्जनमध्ये ती कटकट गेली. पण ग्राफिक्स कार्ड जुनं असेल तर एकेका फोटोला काही मिनिटं लागतात, आणि जेपेगवर हा चालतच नाही.

डीएक्सओचं डीपप्राइम हे नॉइज काढायचं तंत्र मला सगळ्यात जास्त आवडतं, कारणही सांगतो. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यातला एकच रंग टिपतो, बाकीचे दोन शेजारच्या पिक्सेलवरून काढावे लागतात, आता शेजारीच नॉइज असेल तर तो या हिशोबात पसरतो ना, म्हणून डीपप्राइम ही दोन्ही कामं एकत्रच करतं. शिवाय लेन्सप्रमाणे शार्पनेस सुधारतं. डीएक्सओचंच प्युअररॉ हे छोटं सॉफ्टवेअर घेतलं तर ते एवढंच करून डीएनजी देतं, पुढचं एडिटिंग लाइटरूममध्येच करा. फक्त आपला कॅमेरा त्यांच्या यादीत आहे का ते आधी बघा, नसेल तर फाइल उघडणारच नाही. आणि डीपप्राइमचा एक्सडी हा जास्त जोरदार मोड जपून वापरा, अगदी अंधाऱ्या फोटोत तो कधीकधी नसलेलं टेक्श्चर घालतो, लांबच्या पाटीवरची अक्षरं तर भलतीच दिसायला लागतात.

डार्कटेबल फुकट आहे आणि लिनक्सवरही चालतं. त्यातलं प्रोफाइल्ड डिनॉइज तुमचा कॅमेरा आणि आयएसओ ओळखून त्या हिशोबाने नॉइज काढतं. रंगीत ठिपके छान जातात, आयएसओ 1600 पर्यंत मला कधी कमी पडलं नाही, त्यापुढे मात्र बारीक डिटेल वरच्या दोघांइतके वाचत नाहीत.

ट्रायल घेऊन तुमचाच एक वाईटातला वाईट रॉ तिन्हीकडे टाका आणि 100 टक्के झूमवर बघा, पण आकाशाकडे नको, ते सगळेच गुळगुळीत करतात, पापण्या, पिसं, कापडाची वीण बघा. मग नेहमीच्या साइजला एक्स्पोर्ट करा, कारण छोट्या साइजला निम्मा नॉइज तसाही दिसेनासा होतो. अजून एक, आयएसओ कमी ठेवायचा म्हणून फोटो अंधारा काढून मागाहून उजळवत असाल तर ते बंद करा, नॉइज त्याने कमी होत नाही, बऱ्याच कॅमेऱ्यांत उलट वाढतोच.