‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’: काही महिने वापरल्यानंतर

बेंजामिन ग्रॅहमचं गुंतवणुकीवरचं हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. आधी आठवं प्रकरण वाचा, मग विसावं, मग चौथं. आठव्या आणि विसाव्याची शिफारस खुद्द वॉरन बफे, अमेरिकेतले नामवंत गुंतवणूकदार, करतात. चौथं मी सुचवतोय, कारण मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

त्यात शेअर आणि रोखे (ठरलेलं व्याज देणारी कर्जपत्रं) यांची वाटणी आहे. शेअर 25 टक्क्यांच्या खाली नकोत, 75 च्या वर नकोत. डोकेफोड नको असेल तर निम्मे-निम्मे ठेवा. शेअर वाढून 55 टक्के झाले, की त्यांचा अकरावा हिस्सा विकून पुन्हा निम्म्यावर या. मी हे आपल्या हिशेबाने मांडलं. एका बाजूला पीएफ, पीपीएफ, एफडी, दुसऱ्या बाजूला निफ्टीचा, म्हणजे 50 मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकामागे चालणारा, इंडेक्स फंड. पीपीएफला 15 वर्षांचं कुलूप असतं, त्यामुळे इकडचे पैसे तिकडे करणं फारसं जमत नाही. तोल सावरायचा तो नव्या पैशानेच.

सप्टेंबर 2024 मध्ये 26,000 च्या वर गेलेला निफ्टी मार्च 2025 मध्ये 22,000 पाशी आला, तेव्हा ऑफिसात जो तो एसआयपी (फंडात दरमहा ठरलेली रक्कम टाकणं) थांबवायच्या गोष्टी करत होता. माझ्या तक्त्यात शेअरचा हिस्सा 45 टक्क्यांपाशी आलेला दिसला. मुदत संपलेली एक एफडी पुन्हा न ठेवता ती रक्कम फंडात टाकली आणि विषय संपला. बाजार कुठे जाईल, हा प्रश्न मला पडलाच नाही. पुस्तकाची किंमत तिथेच वसूल झाली.

कंपन्यांच्या जोड्या लावून केलेली तुलना मात्र खुशाल सोडा. त्या कंपन्या जुन्या अमेरिकेतल्या, आपल्याला त्यांचं सोयरसुतक नाही. चौदाव्या प्रकरणातल्या कसोट्या (सलग 20 वर्षं लाभांश, पीई, म्हणजे शेअरची किंमत भागिले दर शेअरमागची कमाई, 15 च्या आत) लावल्या तर आपल्याकडच्या नावाजलेल्या कंपन्यांपैकी थोड्याच टिकतात. जेसन झ्वाइगच्या टिपा असलेली 2003 ची आवृत्ती घ्या. मूळ मजकूर जड आहे, टिपा सोप्या आहेत.

टर्म इन्शुरन्स, मेडिक्लेम, आपला प्राप्तिकर यांतलं काहीच इथे मिळणार नाही. त्यासाठी आधी सेबीची (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची) वित्तीय शिक्षण पुस्तिका वाचा, ती मराठीत मोफत मिळते. धाकट्या बहिणीला नोकरी लागली तेव्हा मी तिला तीच दिली. सहा महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे तिने बाजूला टाकले, की ग्रॅहम देणार आहे.